श्वासाची साधना आणि कंठातील ग्रंथी

पहाटे सामायिक आटोपल्यावर प्राणायामाला बसण्याचा परिपाठ पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील अनेक घरांत रुळू लागला आहे. थायरॉइडचा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो, त्यामुळे त्यामागे कंठाची काळजीही असते. हे स्वागतार्हच होय. मात्र ‘श्वास साधला की गोळी सुटते’ ही समजूत घातक आहे.

कंठातील ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आयोडीनपासून संप्रेरक तयार करते आणि मेंदूतील पीयूषिका ग्रंथी टीएसएचद्वारे तिच्यावर नियंत्रण ठेवते. ग्रंथीचे कार्य मंदावले की थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता व उदासी येते. प्राणायामाने हे संप्रेरक भरून निघते, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यात दाखवता येत नाही, तसेच हे आहे.

मग श्वासाचा लाभ कोणता? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. आचार्य महाप्रज्ञांच्या प्रेक्षाध्यानात दीर्घश्वास-प्रेक्षेला महत्त्वाचे स्थान असून, कंठस्थानी विशुद्धिकेंद्र मानलेले आहे. संथ, दीर्घ श्वासाने मज्जासंस्था शांत होते, झोप सुधारते, चिडचिड कमी होते. विकाराने ग्रासलेल्या जीवाला हा आधार थोडा नाही. ताठ बसून चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. असे दहा मिनिटे करावे. त्यानंतर भ्रामरीची पाच-सात आवर्तने पुरेत. ग्रंथी अतिक्रियाशील असेल, छातीत धडधड होत असेल, तर भस्त्रिका व कपालभाती टाळावी आणि श्वास रोखून धरू नये.

स्थानाचाही विचार हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात अग्रस्थानी होते. ज्या पहाटे हवेत रसायनांचा उग्र दर्प असेल, त्या पहाटे गच्चीवर दीर्घ श्वास घेण्यापेक्षा खिडक्या लावून घरातच बसावे.

आता गोळीविषयी. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावे आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने करावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. नवकारसी पाळणाऱ्यांनी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारताच प्रथम उकाळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि मधल्या वेळेत श्वासाभ्यास करावा. व्रत व औषध दोन्ही सांभाळले जातात.

प्रश्न खरा उभा राहतो तो पर्युषणात. थायरॉक्सिनची शरीरातील मात्रा निम्मी होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून एका उपवासात गोळी चुकली तरी फरक जाणवत नाही. त्यामुळेच फसगत होते. अठ्ठाई वा मासक्षमणात ती बंद राहिली, तर पारण्यानंतरही अशक्तपणा हटत नाही. गर्भवती भगिनीने गोळी स्वतःहून थांबवली, तर गर्भाच्या मेंदूच्या वाढीलाही धोका पोहोचतो. म्हणून दीर्घ तपाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आणि गुरुमहाराजांचे मार्गदर्शन, दोन्ही घ्यावे.

अनेकान्ताची शिकवण इथेही उपयोगी पडते. श्वास मनाला सांभाळतो, गोळी ग्रंथीची उणीव भरते. एकाचा स्वीकार करताना दुसऱ्याचा त्याग करण्याचे कारण नाही.