विमानतळाआधीचा रस्ता

नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे 700 किलोमीटर, वेळ जेमतेम दीड तास. आम्हा गडचिरोलीतल्या भामरागडकरांचा प्रवास मात्र त्याआधीच्या, नागपूरपर्यंतच्या सुमारे 350 किलोमीटरपासून सुरू होतो. सकाळचं विमान गाठायचं तर आदल्या दिवशी निघा. आलापल्लीच्या जंगलात एसटी खड्डे चुकवत रांगते. पहिल्यांदाच विमानात बसणारं पोर खिशातलं तिकीट पुन्हापुन्हा चाचपतं. पर्लकोटा नदीला पूर आला की सगळंच अडलं.

चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, राजुऱ्याजवळच्या मूर्ती गावाला मोठा विमानतळ करायचं ठरलं होतं. तो जरूर व्हावा. पण त्याआधी आलापल्ली-भामरागड रस्ता बारमाही करा. अडलेल्या बाईला गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायलाही हाच रस्ता आहे.