एकटीचा सण

सण म्हटला की घर, आणि घर म्हटले की जोडपे. हे समीकरण आपल्या भाषेत इतके मुरले आहे की त्याबाहेरची स्त्री आपणांस दिसतच नाही. सूर्यमाळच्या परिसरात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, वारली लग्नातला चौक सवाशिणी लिहितात. शहरातल्या हळदीकुंकवाचे बोलावणेही सवाष्णीलाच जाते. अविवाहित प्रौढेच्या वाट्याला दोन्हीकडे पाहुणीची जागा येते. हा प्रश्न आम्ही येथे मराठीच बोलणाऱ्या, पण वेगळ्या धर्माच्या अंगणात नेऊ इच्छितो. ते अंगण आहे कोकणातल्या बेने इस्रायलांचे.

या समाजाने ज्यू सणांना दिलेली नावे पाहावीत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि 1937 साली छापल्या गेलेल्या इतिहासात ती आढळतात : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण. सोललेल्या वालांवरून एका शोकदिनाचे नाव पडावे, यातच ही परंपरा कोणाच्या हातांनी टिकली ते कळते. पुण्यात 1874 साली निघालेल्या मराठी-हिब्रू हगादामधल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका वल्हांडणाच्या बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात. प्रार्थनामंदिरात मात्र सनातन रीतीनुसार दहा प्रौढ पुरुष जमल्यावाचून सामुदायिक उपासना पुरी होत नाही. स्त्री त्या दहांत मोजली जात नाही.

मग एकटीने सण कसा करावा? येथे धर्मशास्त्र रूढीपेक्षा उदार आहे, असे आमचे मत आहे. शब्बाथचे दिवे लावणे, दारफळणीचा उपास, वल्हांडणाचे चार प्याले ही कर्तव्ये तिच्यावरही आहेत, आणि ती कोणाची पत्नी म्हणून नव्हे. वल्हांडणाच्या रात्री मुलाने प्रश्न विचारावेत. मूल नसेल तर पत्नीने. आणि कोणीच नसेल तर माणसाने आपले आपणच विचारावेत, अशी तालमूदची आज्ञा आहे. उत्तर ठाऊक असले तरी प्रश्न मोठ्याने विचारायचा! एकटेपण हा विधीतला खंड नाही, विधीने ते आधीच गृहीत धरले आहे. याहून नेमकी आत्मविकासाची व्याख्या आम्हांला ठाऊक नाही.

दारफळणीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. दारे मिटून, पांढरी वस्त्रे नेसून केलेला पश्चात्ताप ज्याचा त्यानेच करायचा असतो. पण त्या दिवशीची पापकबुली अनेकवचनी आहे. एकटी स्त्रीही तेथे ‘आम्ही’ म्हणते. कुटुंब नाही म्हणून तिचे अनेकवचन कोणी काढून घेत नाही.

हे सारे समाधानकारक आहे, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. शास्त्राने दिलेली जागा ताटाभोवती मिळतेच असे नाही; ‘यंदा तरी’ या दोन शब्दांनी सणाची रात्र कडू होऊ शकते. अविवाहित राहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड (कामा रुग्णालयाच्या अधीक्षक, 1966 च्या पद्मश्री) यांनी 1925 साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभारण्यात पुढाकार घेतला. तो उदारमतवादी मार्ग होता. जिला सनातन चौकटीतच राहायचे आहे तिला मात्र संस्था बदलून चालत नाही. तिला तीच प्रार्थना, तीच जागा, दरवर्षी नव्याने आपली करावी लागते. बाहेर पडण्याला आपण सहज बंड म्हणतो. आत राहून वाढण्याला आपल्या समीक्षेकडे शब्द नाही.

म्हणून आमचे म्हणणे अध्यापकांकडे आहे. बेने इस्रायल आपल्या वर्गात येतात ते बहुधा निसीम इझिकेल यांच्या इंग्रजी कवितेतून. मराठी हगादा, मराठी सणांची नावे, त्यांची कीर्तने आपण ‘समाजशास्त्र’ म्हणून बाजूला ठेवतो. ती मराठी वाङ्मयाचा भाग म्हणून वाचली, तर सवाष्णीवाचून सण कल्पू न शकणाऱ्या आपल्या साहित्यालाही तो वल्हांडणाचा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल : आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि कोणासाठी?