परदेशाचं विमान कुठनं धरायचं? सीमाभागातल्या प्रवाशाचा हिशोब

‘दुबईला जायचंय, विमान कुठनं धरू?’ बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा प्रश्न आता घरोघरी ऐकू येतो. कुणाचा मुलगा आखातात नोकरीला निघालाय, कुणाची मुलगी जर्मनीत शिकायला चाललीय, कुणाला नातवंड बघायला जायचंय. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘मुंबईलाच जा.’ पण हे उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. आणि ते चुकलं तर नुसता मनस्ताप होत नाही, तिकिटाचे पैसे बुडतात. कधी नोकरीवर हजर व्हायची तारीखही हुकते.

नकाशा बघा. बेळगावहून मुंबई साधारण ५०० किलोमीटर आणि बंगळूरही तेवढंच. पुणे साडेतीनशेच्या आत. गोव्याचा मोपा विमानतळ मात्र सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सर्वांत जवळचा आंतरराष्ट्रीय विमानतळ ना आपल्या राजधानीत, ना मुंबईत. तो घाट उतरला की आहे.

सांबऱ्याहून थेट का नाही?

सांबरा विमानतळ १९४२ चा, नवी टर्मिनल इमारत २०१७ ची. तरी तिथनं देशांतर्गत विमानंच सुटतात. ‘सांबरा आंतरराष्ट्रीय करा’ ही मागणी ऐकायला बरी वाटते, पण नुसत्या पाटीनं काम भागत नाही. इमिग्रेशन आणि कस्टम्स लागतं, लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना लांब धावपट्टी लागते. त्याहून मोठी अडचण कागदावरची आहे. परदेशी विमान कंपनी भारतात कुठेही उतरू शकत नाही. दोन देशांच्या करारात ज्या शहराचं नाव असतं, तिथेच तिला परवानगी मिळते. जागाही ठरलेल्या असतात. दुबईच्या करारात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार जागा आहेत.

केरळचं कन्नूर याचं उदाहरण. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे तीन किलोमीटरच्या धावपट्टीचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, आखातात जाणारे प्रवासीही भरपूर. पण करारांच्या यादीत नाव नसल्यामुळे परदेशी कंपन्यांना तिथे नियमित सेवा देता आली नाही आणि सगळी भिस्त भारतीय कंपन्यांवर राहिली. कन्नूरची ही गत, तर सांबऱ्याचं काय, याचा विचार मागणी करणाऱ्यांनी केलेला बरा.

गोवा जवळ, पण घाट मध्ये

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी हा नौदलाचा तळ, त्यामुळे तिथे नागरी विमानांच्या वेळांवर मर्यादा येतात. मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. तेव्हापासून काही आंतरराष्ट्रीय सेवा दाबोळीहून मोपाला हलल्या. कतारच्या कंपनीनं २०२४ मध्ये तेच केलं. म्हणून तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून निघू नका, कुठला विमानतळ ते बघा. दोहोंमध्ये अख्खी पणजी आणि मांडवी-जुवारीचे पूल आहेत. कारवारकराला दाबोळी जवळ, तर चंदगड, सावंतवाडी, दोडामार्गवाल्याला मोपा.

खरी अडचण रस्त्याची आहे. चोर्ला, अनमोड, आंबोली, कुठलाही मार्ग धरा, पावसाळ्यात भरवसा नाही. २०२५ च्या पावसाळ्यात अनमोड घाटात रस्त्याचा भाग खचला आणि जड वाहनं थांबवावी लागली. जून ते सप्टेंबरमध्ये गोव्याहून विमान असेल तर आदल्या दिवशीच घाट उतरून मुक्काम केलेला बरा. लॉजचं भाडं हुकलेल्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडतं. दुसरी गोष्ट, गोव्याच्या परदेशी विमानांपैकी बरीच पर्यटकांच्या हंगामावर चालतात. हिवाळ्यात दिसलेली सेवा जुलैत असेलच असं नाही.

मुंबई, पुणे की बंगळूर?

युरोप-अमेरिकेला जायचं तर पर्याय आणि दर मुंबईत जास्त, त्याखालोखाल बंगळूरला. पुण्याहून दुबई, बँकॉक अशी मोजकीच ठिकाणं. रेल्वेनं सोय वाढवलीय. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी आणि ऑगस्ट २०२५ पासून बंगळूर-बेळगाव वंदे भारत धावतेय. बंगळूरला साडेआठ तास लागतात. पण विमानतळ देवनहळ्ळीला, शहराबाहेर तीसेक किलोमीटरवर, हे हिशोबात धरा. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, सुरुवात देशांतर्गत विमानांनी. तिथनं परदेशी सेवा जसजशा वाढतील, तसतसा पुण्याकडून येणाऱ्या आपल्या माणसांचा मुंबईतल्या वाहतुकीतला वेळ वाचेल.

बसचं गणित मात्र वेगळं. सीमाप्रश्न तापला की पहिला फटका एसटीला बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन राज्यांमधली बससेवा बंद ठेवावी लागली. ज्याचं रात्री विमान आहे, त्यानं त्या दिवशी काय करायचं? म्हणून वातावरण तापलेलं असेल तेव्हा रेल्वेचं तिकीटही हाताशी ठेवा.

स्वस्तातली दोन तिकिटं

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती इथे. समजा, तुम्ही सांबरा-मुंबई एक तिकीट काढलं आणि मुंबई-दुबई दुसऱ्या कंपनीचं वेगळं. दोन्ही मिळून हजार-दोन हजार वाचले. पण सांबऱ्याचं विमान उशिरा सुटलं आणि पुढचं चुकलं, तर दुबईवाल्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असते, तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असती.

सामानाचंही तसंच. देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलो, आखाताच्या विमानात अनेकदा ३० किलो चालतं. वेगळी तिकिटं असली की वरच्या १५ किलोंचे पैसे सांबऱ्यातच मोजावे लागतात. शिवाय मुंबईत टर्मिनल बदलायचं झालं तर बाहेर पडून गाडी करावी लागते. तेव्हा दर बघताना ‘एकच तिकीट आहे का?’ हे आधी विचारा. वेगळंच काढायचं असेल तर मध्ये निदान रात्रभराचं अंतर ठेवा.

कागदांना सीमा कळते

पासपोर्टचा अर्ज २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रावर करता येतो. व्हिसाचं तसं नाही. जर्मनीत शिकायला जायच्या व्हिसाचं उदाहरण घ्या. कर्नाटकात राहणाऱ्याचा अर्ज बंगळूरच्या वकिलातीकडे जातो, महाराष्ट्र-गोव्यातल्याचा मुंबईकडे. चंदगडचा मुलगा मुंबईला आणि वीस-पंचवीस मैलांवरचा बेळगावचा मुलगा बंगळूरला. विमान मुंबईहून असलं तरी यात फरक पडत नाही.

दहावी न झालेल्यांनी आणखी एक बघावं. पासपोर्ट ‘ईसीआर’ असेल तर सौदी, कुवेत, ओमान, अमिरातीसारख्या देशांत नोकरीला जायला ई-मायग्रेटवरून सरकारी मंजुरी लागते. ती नसेल तर विमानतळावरूनच परत पाठवतात. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

मागायचं काय?

आपल्यासारखं कोडं इतरत्रही आहे. बडोदेकर शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या अहमदाबादला जातात. इंदूरहून जुलै २०१९ मध्ये दुबईचं पहिलं थेट विमान सुटलं, पण बाकी जगासाठी इंदूरकराला अजून दिल्ली-मुंबईच गाठावी लागते.

सीमाभागानं तीन गोष्टी मागाव्यात. सांबऱ्याहून मुंबई, दिल्ली, बंगळूरला अशा वेळांची विमानं, की पुढचं परदेशी विमान एकाच तिकिटावर मिळेल. बेळगावहून मोपाला विमानांच्या वेळेशी जुळणारी बारमाही बस आणि त्यासाठी धड घाटरस्ता. आणि आंदोलन कुणाचंही असो, विमानतळाकडे निघालेल्या प्रवाशाला अडवायचं नाही, एवढी समज तिन्ही राज्यांत.

सांबऱ्यावर ‘आंतरराष्ट्रीय’ पाटी लागेल तेव्हा लागो. तोवर आपली माणसं वेळेवर पोचली पाहिजेत.