आठवणींचे कढ आणि काडेपेटीतला कोळी



सध्या आपल्यातल्याही बऱ्याच जणांना आठवणींचे कढ यायला लागलेत. नोकरी लागली, डोंबिवलीला ब्लॉक झाला, पोरं इंग्रजी शाळेत गेली, की माणूस मागं वळून म्हणतो, काय ते दिवस होते राव! चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचो. काडेपेटीत कोळी धरून झुंजी लावायचो. आताच्या पोरांना काय कळणार! माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हेच, दिवाळी अंकात हेच. ललित लेख म्हणतात त्याला. आतापर्यंत हे कढ पांढरपेशांचे होते. आता आपले लोकही ते उसने आणायला लागले. म्हणून बोलायचंय. गोड बोलणार नाही.

पहिला सवाल. 'आम्ही धरायचो' यातला आम्ही कोण?

मी कल्याणच्या कोळसेवाडीत वाढलो. रुळांपलीकडं बंगलेवाल्यांची मेंदीची कुंपणं होती. उड्या मारणारा कोळी अशाच पानापानांत राहतो, दोन पानं तंतूंनी जोडून आत बसतो. कुंपणात हात घालायचा आमच्या पोरांनी. ओरखडे आमच्या हाताला. काडेपेटी त्यांची. ती बनायची अंबरनाथला विम्कोच्या कारखान्यात, कामगारांच्या हातानं, पण रिकामी झाल्यावरही मालकी बंगल्याचीच. चांगला दांडगा नर मिळाला तर पाच पैसे, नाहीतर नुसतंच 'चल हट'. जोड लावायचे ते. कुणापुढं कोण सोडायचा हे ठरवायचे ते. जिंकला तर 'माझा कोळी जिंकला'. हरला तर 'साल्या, मरतुकडा आणलास'. आम्ही पायरीखाली उभं राहून बघायचो. आज अशाच पायरीवरचा कुणीतरी लिहितो, 'आम्ही सगळी मुलं एकत्र खेळायचो, जातपात कुणाला माहीतच नव्हती.' त्याला माहीत नसेल. पायरीखालच्या पोराला चांगली माहीत होती.

दुसरा सवाल. कोळी लढतो कशाला?

हे लेखक लिहितात, कोळी जातीचाच भांडखोर. साफ खोटं. या कोळ्याला आठ डोळे, समोरचे दोन मोठे. भक्ष्यासाठी जाळं विणून तो वाट बघत बसत नाही. दिवसाउजेडी नजरेनं सावज हेरतो आणि झेप घालतो. दोन नर समोरासमोर आले की पुढचे पाय उचलून एकमेकांना आपला आकार दाखवतात. इकडं सरकतात, तिकडं सरकतात. फारच झालं तर जबड्याला जबडा लावून रेटारेटी. बहुतेक वेळा लहान असतो तो ओळखून मागं फिरतो आणि पानाखाली जातो. दोघंही जिवंत. प्रकरण मिटलं.

पानाला दुसरी बाजू असते. काडेपेटीला नसते. माघारीची वाट बंद करायची, दोघांना चार बोटांच्या जागेत कोंडायचं, आणि पाय तुटला, जीव गेला की म्हणायचं, जातच भांडखोर. हे वाक्य तुम्ही आणखी कुठं ऐकलंय? शंभर घरांच्या वस्तीला एक नळ द्यायचा, पाणी पहाटे चारला सोडायचं, आणि हंड्यावर हंडा आपटला की गॅलरीतून म्हणायचं, 'यांची जातच तशी.' पेटी बनवणारा कधी भांडत नाही, बघा. त्याला गरजच नसते.

हा खेळ आपल्याकडचाच नाही. सिंगापुरात आज म्हातारे झालेले लोक काडेपेटीतल्या कोळ्यांच्या आठवणीनं हळवे होतात. फिलिपीन्समध्ये काडीवर कोळी सोडून त्यावर पैसे लावतात. जपानमध्ये कागोशिमा प्रांतातल्या काजिकी गावात दर जूनमध्ये कोळ्यांच्या झुंजी होतात, पंच बसतात, गर्दी जमते. ही प्रथा चारशे वर्षांपूर्वीची, असं तिथले लोक सांगतात. शिमाझू योशिहिरो नावाच्या सरदारानं आपल्या सैनिकांना चेव यावा म्हणून ती सुरू केली म्हणे. ही दंतकथा खरी असो वा खोटी, तिच्यात अक्कल आहे. सरदार कोळी लढवतो, कारण त्याला उद्या माणसं लढवायचीत. आणि ज्या शिपायांना कोळी दाखवला, त्यांनाही माघारीची वाट नव्हतीच.

तिसरा सवाल सगळ्यात महत्त्वाचा. छंद कुणाचा आणि गुन्हा कुणाचा?

आपल्या देशात जीव धरणं हे कामसुद्धा जन्मावर वाटून दिलेलं आहे. ठाणे जिल्ह्यातला कातकरी बांधावरचा उंदीर धरतो, ओढ्यातला खेकडा धरतो. पोटासाठी धरतो. त्याच्यावर कुणी 'रम्य ते बालपण' लिहीत नाही. फासेपारधी फास लावून तित्तर, लावे धरायचा. त्याच्या जमातीवर इंग्रजांनी कायदा करून गुन्हेगारीचा शिक्का मारला. माणसानं काय केलं हे बघायचं नाही, कुणाच्या पोटी आला हे बघायचं. पोलीस हजेरी, काटेरी तारांच्या वसाहती. हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, शिक्का अजून पुसलेला नाही. पुढं १९७२ साली वन्यजीव कायदा आला आणि त्याचा फासही बेकायदा झाला. पाखरं वाचली पाहिजेत, वाद नाही. पण फास काढून घेतला तेव्हा बदल्यात जमीन किती जणांना मिळाली?

आता दुसरी बाजू बघा. १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव. म्हणजे कोळीसुद्धा आला. करमणुकीसाठी एकाला दुसऱ्यावर सोडणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड लिहिला दहा ते पन्नास रुपये. मेंदीच्या कुंपणातल्या पोराला कुणी तेवढाही लावला नसता, आणि लावू नये. मुद्दा एवढाच, की एकानं जीव धरला तर छंद, दुसऱ्यानं धरला तर धंदा, तिसऱ्यानं धरला तर गुन्हा. नागराज मंजुळेचा २०१३ चा 'फँड्री' आठवा. जब्या चिमणीमागं फिरतो ते त्याच्या मनानं. डुक्कर धरायला लागतं ते गावाच्या हुकमानं, आणि गाव कडेला बसून हसतं. त्या पोरानं मोठेपणी 'काय ते दिवस' लिहायचं काय?

कुणी म्हणेल, मग आम्ही बालपण आठवायचंच नाही का? आठवा की. सगळं आठवा. पाच पैसे आठवा, पायरी आठवा. आणि ते डोळेही आठवा. हिरव्या पानावरचा तांदळाएवढा जीव लांबून ओळखणारे डोळे आपल्या पोरांचे होते. नर कुठला, मादी कुठली, ऊन कुठल्या बाजूला असताना तो बाहेर येतो, हे ज्ञान होतं. ते वहीत उतरलं नाही, कारण वही नव्हती. भिंग शाळेच्या कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप होतं.

२०२१ साली संशोधकांनी ठाणे-कल्याण भागातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. एकीचं नाव 'इशियस तुकारामी'. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या, गोळ्या खाऊन न सोडणाऱ्या तुकाराम ओंबळेंचं नाव. नाव चांगलं दिलं. पण विचार करा, हा कोळी आपल्याच भागात होता. वस्तीतल्या किती पोरांच्या तो डोळ्यासमोरून गेला असेल! शास्त्राला नवा, आपल्याला शेजारी. तरी नोंद आपल्या हातून झाली नाही.

म्हणून सांगतो, आपल्या पोरांना कढ देऊ नका, भिंग द्या. रविवारी वस्तीतली दहा पोरं घेऊन वालधुनीच्या काठानं फिरा. कोळी बघा, वहीत काढा, तारीख घाला, पुन्हा पानावर सोडा. टॉवरसाठी कुंपणं आणि खाजणं जातायत, त्याचीही नोंद करा. 'शिका' म्हणजे हेही आलं.

आणि कुणाला 'गेले ते दिवस' लिहायचंच असेल, तर लिहा. फक्त छापायला देण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट लिहा. धरलं कुणी? पेटी कुणाची? आणि हसत कोण होतं?

जयभीम.