तारापूरची हवा, उंदरांची पिल्लं आणि मुलगा-मुलगीचं गणित : नेमकं काय खरं?

एखाद्या आळीत वर्षभरात दहा बाळं जन्मली आणि त्यातल्या सात मुली निघाल्या, की चर्चा सुरू होते. त्यात गाव बोईसर-तारापूरच्या पट्ट्यातलं असेल, तर बोट दाखवायला दोन गोष्टी तयारच असतात. एक, १९६९ पासून चालू असलेलं अणुऊर्जा केंद्र. दुसरी, एमआयडीसीतले रासायनिक कारखाने. पण हवा-पाण्यामुळे खरंच मुलगा-मुलगीचं प्रमाण बदलतं का?

आधी साधं गणित

मुलगा-मुलगीची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तरी दहा जन्मांत एकाच लिंगाची सात किंवा जास्त बाळं असण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. म्हणजे अशा दर तीन आळ्यांपैकी एकीत हे नुसत्या योगायोगाने घडणार. हजार जन्मांत मात्र सातशे मुली झाल्या, तर तो योगायोग नसतो. म्हणून आळीचा नाही, तालुक्याचा अनेक वर्षांचा आकडा बघायचा.

उंदरांनी काय शिकवलं?

उंदरांत आणि माणसांत नियम सारखाच आहे. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येतं, बापाकडून एक्स किंवा वाय. बापाचं वाय आलं तर नर, एक्स आलं तर मादी.

गंमत अशी की उंदरांत या दोन गुणसूत्रांचीच आपसात रस्सीखेच चालते. एक्सवर एसएलएक्स नावाची जनुकं आहेत, वायवर एसएलवाय. संशोधकांनी एसएलवाय कमजोर केलं, तेव्हा मादी पिल्लं वाढली. एसएलएक्स कमजोर केलं, तेव्हा नर वाढले. म्हणजे तराजू झुकला, तो बापाच्या शुक्राणूंमुळे.

२०१९ मध्ये हिरोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी एका रसायनाने उंदराचे एक्सवाले शुक्राणू मंद केले आणि वायवाल्यांपासून वेगळे काढले. २०२१ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट आणि केंट विद्यापीठाने क्रिस्पर ही जनुकीय कात्री वापरली. कात्रीचा एक भाग बापाच्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर, दुसरा आईत. दोन्ही भाग ज्या भ्रूणात एकत्र आले, त्याची वाढ सुरुवातीलाच थांबली. परिणाम : सगळी पिल्लं हव्या त्या एकाच लिंगाची.

मग प्रदूषणाचं काय?

इथे सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही. १९७६ मध्ये इटलीतल्या सेवेसो इथे रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिन हवेत पसरलं. सर्वाधिक बाधित भागातल्या पालकांना १९७७ ते १९८४ या काळात ७४ मुलं झाली. त्यात २६ मुलगे, ४८ मुली. पुढच्या अभ्यासात हा परिणाम बापांशी जोडलेला आढळला, विशेषतः जे कमी वयात बाधित झाले होते त्यांच्याशी.

किरणोत्साराचं उलट झालं. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या मुलांमध्ये सुरुवातीला थोडा फरक दिसला होता. जास्त जन्मांची माहिती जमल्यावर तो टिकला नाही.

म्हणजे तारापूरच्या प्रदूषणावर बोलायलाच हवं. पण मुली जास्त झाल्या, हा त्याचा पुरावा म्हणून मांडायचा तर आधी जन्मनोंदी मोजाव्या लागतील.

खरा धोका कुठे आहे?

निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हा आकडा २००१ च्या जनगणनेत ९१३ होता, २०११ मध्ये ८९४ झाला. बीडमध्ये तर ८०७. हे ना रसायनाने झालं, ना जनुकाने. हे सोनोग्राफी आणि गर्भपाताने झालं.

लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. शुक्राणू वेगळे करण्याचं तंत्र उद्या स्वस्त झालं, तर हीच दुरुस्ती कामाला येणार आहे. कारण तेव्हा ना सोनोग्राफी लागेल, ना गर्भपात. पकडणं आणखी अवघड होईल.

आणि एक गोष्ट आजच घरात सांगता येईल. तिसरीही मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावले जातात. पण वाय गुणसूत्र तिच्याकडे नसतंच. ते मुलाच्या बापाकडे असतं, आणि तोही ते निवडून देत नाही.