‘खोकू नकोस’ म्हणण्याआधी

वर्गात एखादं मूल सारखं खोकायला लागलं की त्याला ठरलेली वाक्यं ऐकवली जातात : पाणी पी, बाहेर जाऊन ये, नाटकं पुरे. कोविडनंतर तर शेजारचा मुलगाही बाकावर सरकून बसतो. आपल्यापैकी बरेच जण उद्या बी.एड. करून शिकवणार आहेत, म्हणून हे लिहितेय. ‘नाटकं पुरे’ हे वाक्य आपण शाळेबाहेरच ठेवून यायला हवं.

खोकला नेहमी छातीतूनच येतो असं नाही. टॉरेट सिंड्रोम हा मज्जासंस्थेचा विकार आहे. फ्रेंच डॉक्टर जिल द ला टॉरेट यांनी १८८५ मध्ये अशा नऊ रुग्णांचं वर्णन केलं. यात शरीर आपसूक हालचाली किंवा आवाज करतं, त्यांना ‘टिक’ म्हणतात : डोळे मिचकावणं, खांदा उडवणं, घसा खाकरणं, खोकणं. अनेकदा आधी घशात काहीतरी दाटून येतं आणि खोकल्याशिवाय चैन पडत नाही. शिंकेसारखं हे थोडा वेळ दाबता येतं. म्हणूनच बघणाऱ्याला वाटतं, मुद्दाम करतोय.

टिकचा खोकला झोपेत बहुधा थांबतो. दम्याचा रात्री-पहाटे, धावल्यावर, धुळीने वाढतो. पण एकाच मुलाला दोन्ही असलं तर?

माझ्या नऊ वर्षांच्या मावसभावाला दोन्ही आहे. आधी प्रत्येक खोकल्याला पंप दिला जायचा. टॉरेटचं निदान झालं आणि सगळं उलटं झालं. एकदा खेळाच्या तासाला त्याला खरोखर धाप लागली, तर ‘त्याला सवयच आहे’ म्हणून नुसतं बसवून ठेवलं. मावशी म्हणते, “अगं, आधी सगळा दमाच होता म्हणे. आता दमा नाहीच म्हणे!”

कोणता खोकला कुठला, हे ठरवणं डॉक्टरांचं काम. आपलं काम एवढंच : खोकल्याकडे दुर्लक्ष, श्वासाकडे लक्ष. टोकलं की मुलावर ताण येतो आणि टिक वाढू शकते. पण मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वासात शिट्टी वाजत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर ‘टिक असेल’ म्हणत थांबायचं नाही. लगेच त्याचा पंप द्यायचा आणि मदत बोलवायची.

बाकीच्या मुलांचं लक्ष उडतं, ही तक्रार खोटी नाही. पण मुलं आवाजाला लवकर सरावतात. वळून बघतात ते मोठेच. मिस्सेत दर रविवारी मी हे बघते.

आपण इंग्रजीत डॉ. जॉन्सन वाचतो. त्याचे झटके आणि तोंडाने काढलेले आवाज बॉस्वेलने चरित्रात नोंदवलेत. त्याला टॉरेट असावा असं अनेक अभ्यासकांना वाटतं. १७३५ मध्ये सॉलिहलच्या शाळेने त्याला मुख्याध्यापकपद नाकारलं. चेहरा वेडावाकडा होतो, मुलांवर परिणाम होईल, हे त्यातलं एक कारण. वीस वर्षांनी त्याच माणसाचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला.

अर्थात प्रत्येक खोकणारं मूल जॉन्सन होणार नाही. तशी अटही नको. त्याला इतर मुलांसारखं वर्गात बसायचंय, एवढं कारण पुरेसं आहे.