ओळख विचारणाऱ्याची ओळख कोण पटवणार?

मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला की आधी प्रश्न येतात. नाव काय, जन्मतारीख काय, पत्ता काय, मागचे रिचार्ज कितीचे? उत्तरे जुळली की हाच खरा ग्राहक, असे ठरते. ज्यांनी ही पद्धत आखली, त्यांनी आमच्या कड्यासारखे गाव विचारात घेतलेले दिसत नाही.

जन्मतारखेचेच घ्या. शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडले की पानोपानी १ जून दिसतो. घरी जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून गुरुजी तीच तारीख लिहून टाकत. दाखल्यावरून ती आधारवर गेली आणि आधारवरून सिमकार्डाच्या नोंदीत. गावात कोणालाही अंदाजाने सांगता येईल असे उत्तर ओळखीचा पुरावा कसे ठरते? नाव आणि पत्ता तर आपण जागोजागी देत असलेल्या आधारच्या झेरॉक्सवरच छापलेला असतो.

उलट खरा माणूसच अडकतो. मुस्लिम घरांत एकच माणूस एका कागदावर 'शेख रशीद' असतो, दुसऱ्यावर 'रशीद शेख'. इंग्रजीत 'शेख'ची स्पेलिंगे तीन-चार. अम्मीच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे काहीच नाही. तिच्या हातातले सिम मुलाच्या नावावर आणि मुलगा ऊसतोडीला गेलेला. ती खरे बोलूनही नापास होते, कागद हाती लागलेला लबाड मात्र पास होतो.

यात नुसती गैरसोय नाही. बँकेचा ओटीपी याच नंबरवर येतो. कोणी आपल्या नावाने दुसरे सिम काढले तर आपले बंद पडते आणि ओटीपी त्याच्या हाती जातात. म्हणूनच दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच आहे, पण ओळख पटवण्याची रीत कच्ची राहिली तर तेवढ्याने भागत नाही.

कंपनीने काही विचारूच नये, असे माझे म्हणणे नाही. सिम घेतानाच ग्राहकाला स्वतःचा गुप्त अंक किंवा शब्द ठरवू द्यावा. तो कोणत्याही कागदावर नसेल, त्यामुळे झेरॉक्सवरून सापडणार नाही. आणि कंपनीने स्वतःहून फोन केला तर आधी तिने आपली ओळख पटवावी. आज 'केवायसी संपले, सिम बंद होईल' असे कोणीही म्हणतो आणि आपण घाबरून सगळे सांगून टाकतो, कारण विचारले की उत्तर द्यायचे, एवढीच सवय आपल्याला लावली गेली आहे.

तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे शिकवा: आलेल्या फोनवर माहिती द्यायची नाही. फोन ठेवायचा आणि आपण होऊन १९८ लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करायची. समोरच्याला 'तुम्ही कोण?' असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.